आडनावाआधी गाव : आयरिश पूर्वजांच्या जन्म-विवाहनोंदी

आयर्लंडमधील वंशशोधाविषयी एक समजूत सर्वत्र आढळते, ती अशी की त्या देशाची जुनी कागदपत्रे १९२२ च्या यादवी युद्धात जळून गेली आणि त्यामुळे तेथील पूर्वजांचा माग लागणे आता अशक्यप्राय आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या सरकारी नोंदवह्या त्या आगीत सापडल्या नाहीत, आणि बहुसंख्य प्रजा ज्या कॅथलिक पंथाची होती त्या पंथाच्या चर्चमधील वह्या जळालेल्या इमारतीत कधी ठेवलेल्याच नव्हत्या. शोध अडतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने : शोधणाऱ्याच्या हाती आडनाव असते, गाव नसते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली आणि पुढची कित्येक दशके बोटी भरून माणसे जातच राहिली. बॉस्टन, न्यूयॉर्क, लिव्हरपूल किंवा मेलबर्न येथे स्थिरावलेल्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांपर्यंत कुटुंबाची आठवण पोहोचली ती बहुधा ‘आपले लोक कॉर्कचे’ किंवा ‘मेयोचे’ एवढ्याच रूपात. कॉर्क आणि मेयो ही बेटावरच्या ३२ काउंट्यांपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, दोन जिल्ह्यांची नावे आहेत. पूर्वज एखाद्या जिल्ह्यातला होता एवढे कळल्याने नोंदवहीचे कोणते पान उघडावे हे कळत नाही.

आडनाव याबाबतीत किती थोडी मदत करते, हे आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातील अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसते. १८९० या एका वर्षातील जन्मांची सूची हाताशी घेऊन त्यांनी प्रत्येक आडनावाच्या माणसांची देशभरातील संख्या अंदाजली, तेव्हा मर्फी आडनावाची सुमारे ६२,६०० आणि केली आडनावाची सुमारे ५५,९०० माणसे भरली. तिसरा क्रमांक सलिव्हन या आडनावाचा होता, आणि ही सलिव्हन मंडळी देशभर पसरलेली नसून मुख्यतः कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांत एकवटलेली होती. त्यात मुलांना ठेवण्याच्या नावांचा साठाही लहान होता. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला बहुधा आईच्या आईचे नाव देण्याचा रिवाज पुष्कळ घरांत पाळला जाई, त्यामुळे एका आजोबांचे नाव चार मुलांच्या घरी चार नातवांना मिळे, आणि एकाच वाडीत एकाच वयाचे तीन-चार जॉन सलिव्हन सापडत. अशा ठिकाणी शेजारीपाजारी माणसाला बापाच्या, आजोबांच्या किंवा घराण्याला पडलेल्या टोपणनावाने ओळखत. सरकारी नोंदवहीत मात्र ते टोपणनाव सहसा उतरत नसे.

म्हणून प्रथम गाव, आणि गाव म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यावे लागते. आयर्लंडमधील जमिनीचे सर्वांत लहान नामधारी एकक ‘टाउनलँड’ या नावाने ओळखले जाते. या शब्दात टाउन असले तरी शहराशी त्याचा संबंध नाही. ठरलेल्या सीमांनी वेढलेला शेतजमिनीचा एक तुकडा आणि त्यावरची विखुरलेली घरे असे त्याचे स्वरूप असून, मराठी वाचकाला ते वाडीसारखे वाटेल. असे टाउनलँड देशात साठ हजारांहून अधिक आहेत, त्यांतील अनेकांची नावे जागोजाग पुन्हा पुन्हा येतात, आणि १८२४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी भूमापनात त्यांची इंग्रजी रूपे निश्चित होईपर्यंत लिहिणारा कानाला ऐकू येईल तसे नाव लिहीत असे. टाउनलँडच्या वर ‘पॅरिश’ येतो. वसईकडील मराठी ख्रिस्ती समाज ज्याला धर्मग्राम म्हणतो तो हाच. येथे पहिली मेख आहे. पॅरिश दोन प्रकारचे असतात : एक मुलकी पॅरिश, ज्याच्या सीमा जुन्या राज्यमान्य प्रोटेस्टंट चर्चच्या सीमांवर बेतलेल्या आहेत आणि ज्यांची संख्या सुमारे अडीच हजार आहे; दुसरा कॅथलिक पॅरिश, जो आकाराने बहुधा मोठा, वेगळ्या सीमांचा आणि कित्येकदा वेगळ्याच नावाचा असतो. जमिनीच्या कागदात पहिला आढळतो, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरा.

दुसरी मेख ‘पुअर लॉ युनियन’ या विभागाची. १८३८ च्या निर्धन-साहाय्य कायद्याने देशाचे असे विभाग पाडले, प्रत्येक विभागात निराधारांसाठी एक कामगृह बांधले आणि खर्चासाठी स्थानिक कर बसवला. विभागाची आखणी करताना एखादे बाजारपेठेचे गाव मध्यभागी धरून भोवतालचा प्रदेश त्याला जोडला गेला आणि काउंटीच्या सीमांची फारशी पर्वा केली गेली नाही. पुढे जन्म-मृत्यूच्या नोंदणीसाठी हेच विभाग वापरले गेल्यामुळे, एका काउंटीत राहणाऱ्या कुटुंबाची नोंद शेजारच्या काउंटीतील शहराच्या नावाने असलेल्या विभागात सापडते, आणि नवखा शोधक ती ‘आपली नव्हे’ म्हणून सोडून देतो. टाउनलँड, मुलकी पॅरिश आणि युनियन यांचा मेळ घालून देणारी एक वर्णानुक्रमी सूची १८५१ च्या जनगणनेच्या आधारे छापली गेली. तिच्याइतके उपयोगी आणि तिच्याइतके नीरस पुस्तक या विषयात दुसरे नसेल.

गावाचे नाव सापडते ते बहुधा आयर्लंडमध्ये नव्हे. जेथे माणूस गेला त्या देशात ते मिळण्याचा संभव जास्त. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने १८५३ पासून मृत्यूच्या नोंदीत मृताचे जन्मस्थान, आईवडिलांची नावे, विवाह कोठे व कोणाशी झाला आणि मुले किती, इतका तपशील मागितला. नोंद सांगणारा मुलगा किंवा शेजारी जाणकार असेल तर त्या एका कागदात जन्म आणि विवाह दोन्हींचा पत्ता लागतो; सांगणाराच अजाण असेल तर ‘आयर्लंड’ एवढाच शब्द रकान्यात पडलेला दिसतो. अमेरिकेत नागरिकत्वाचे अर्ज, थडग्यांवरील लेख आणि चर्चच्या वह्या उपयोगी पडतात. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्राने १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या. बहिणीने भावाला किंवा बायकोने नवऱ्याला शोधण्यासाठी पैसे मोजून दिलेल्या त्या चार ओळींत मूळचा पॅरिश आणि कित्येकदा टाउनलँडही दिलेला असे, कारण त्यावाचून कोणता पॅट्रिक किंवा कोणती मेरी हे कोणालाच कळले नसते.

या शोधाची एक वाट मुंबईहून जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शेतमजुरांच्या मुलांचा भरणा फार मोठा होता. कंपनीच्या भरतीच्या नोंदींत शिपायाचे जन्मस्थान लिहिलेले असे, आणि मुंबई इलाख्यातील छावण्यांत झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कंपनीचे राज्य संपल्यावर तिची मुंबईतील जुनी गोरी पलटण राणीच्या सैन्यात १०३ क्रमांकाची ‘रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स’ झाली, आणि १८८१ च्या पुनर्रचनेत मद्रासच्या पलटणीबरोबर तिला ‘रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स’ असे नाव मिळाले. मुंबईची पलटण अशी कागदोपत्री डब्लिनची झाली, आणि त्यामुळे एखाद्या डब्लिनच्या घराण्यात आजीचा जन्म मुंबई इलाख्यातील छावणीत झाल्याची आठवण निघाली, तर ती दंतकथा मानण्याचे कारण नाही.

आयर्लंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली ती जन्मापासून नव्हे, विवाहापासून, आणि तीही सर्वांच्या विवाहांपासून नव्हे. एक एप्रिल १८४५ पासून कॅथलिकेतर विवाहांची नोंद सक्तीची झाली. यामागे कुटुंबांचा इतिहास जपण्याची इच्छा नसून न्यायालयात उद्भवलेली एक अडचण होती. राज्यमान्य चर्च असलेल्या ‘चर्च ऑफ आयर्लंड’चा एक पुरुष १८२९ मध्ये उत्तरेकडील बॅनब्रिज येथे प्रेस्बिटेरियन पंथाच्या धर्मोपदेशकासमोर विवाहबद्ध झाला, पुढे त्याने इंग्लंडमध्ये दुसरा विवाह केला आणि त्याच्यावर द्विभार्या प्रतिबंधक कायद्याखाली खटला झाला. मिलिस खटला या नावाने प्रसिद्ध असलेले हे प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, तेथे १८४४ मध्ये न्यायाधीशांची मते समसमान विभागली, आणि परिणामी पहिला विवाह कायद्याने पूर्ण ठरला नाही. असे विवाह केलेली असंख्य प्रेस्बिटेरियन घराणी त्यामुळे एका रात्रीत संशयास्पद ठरण्याची वेळ आली. त्यावर उपाय म्हणून त्याच वर्षी विवाह कायदा संमत झाला आणि नोंदणी हा त्याचाच भाग होता. कॅथलिक विवाह त्यातून वगळले गेले. त्यांच्यावर १७४५ च्या एका जुन्या कायद्याची छाया होती, ज्यानुसार वधूवरांपैकी एकजण प्रोटेस्टंट असताना कॅथलिक धर्मगुरूने लावलेला विवाह शून्यवत मानला जाई. ही तरतूद १८७० मध्येच दूर झाली. मिश्र विवाह केलेले जोडपे कधी प्रोटेस्टंट वहीत, कधी कॅथलिक वहीत आणि कधी दोन्हींत सापडते, त्याचे कारण हे आहे, आणि दोन्हींत सापडले तर दुसरी नोंद चुकीची समजू नये.

एक जानेवारी १८६४ पासून सर्व जन्म, सर्व मृत्यू आणि कॅथलिकांसह सर्व विवाह नोंदवले जाऊ लागले. पुअर लॉ युनियनचे आणखी लहान भाग म्हणजे सार्वजनिक दवाखान्यांचे विभाग होते, आणि दवाखान्याचा डॉक्टरच बहुधा त्या विभागाचा निबंधक, म्हणजे नोंदी करणारा अधिकारी झाला. त्याच दिवसापासून लहान मुलांना देवीची लस टोचणे सक्तीचे झाले होते, तेव्हा कोणाच्या घरी मूल जन्मले हे डॉक्टरला कळणे सोयीचेच होते. जन्माच्या नोंदीत जन्मतारीख आणि ठिकाण, बाळाचे नाव, वडिलांचे नाव, राहण्याचे ठिकाण व व्यवसाय, आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनाव, आणि खबर देणाऱ्याची सही किंवा त्याने काढलेली फुली इतके रकाने असत. यातला सर्वांत मोलाचा रकाना आईच्या माहेरच्या आडनावाचा होय, आणि सर्वांत कमी भरवशाचा जन्मतारखेचा. ठरलेल्या मुदतीत खबर दिली नाही तर दंड होई. दवाखाना चार कोस दूर, पिके उभी, बाळंतीण अशक्त, अशा परिस्थितीत बाप उशिरा पोहोचला की तो जन्माची तारीखच पुढे सरकवून सांगे. कॅथलिक घरांत बाप्तिस्मा जन्मानंतर एक-दोन दिवसांतच उरकला जाई, त्यामुळे एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या तीन आठवडे आधी झालेला दिसतो, आणि अशा वेळी धर्मगुरूची वही खरी मानावी, कारण खोटी तारीख लिहिण्याचे त्याला काही प्रयोजन नव्हते.

विवाहाच्या नोंदीत या सगळ्या शोधाची बिजागरी आहे. जन्माच्या नोंदीत एकच घर दिसते. विवाहाच्या नोंदीत दोन घरे आणि दोन पिढ्या एका ओळीत येतात. तारीख, वधूवरांची नावे, वय, अविवाहित, विधुर किंवा विधवा अशी स्थिती, व्यवसाय, विवाहाच्या वेळचे राहण्याचे ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय आणि साक्षीदार असा मजकूर त्यात असतो. आईचे नाव त्यात विचारले जात नसे, ही उणीव जन्माच्या नोंदीने भरून काढावी लागते. वयाच्या रकान्यात पुष्कळदा आकडा नसून ‘सज्ञान’ एवढाच शेरा असतो, आणि त्याचा अर्थ वय एकवीस किंवा त्याहून अधिक, मग ते बावीस असो वा पन्नास. वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ असे लिहिले असेल तर त्यावर विश्वास ठेवावा; तसे लिहिलेले नसेल तर वडील हयात होते असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण हे विचारण्याची तसदी अनेक ठिकाणी कोणी घेत नसे. राहण्याचे ठिकाण हे त्या दिवशी राहण्याचे ठिकाण असते. डब्लिनच्या एखाद्या घरी मोलकरीण असलेल्या मुलीचा पत्ता तिच्या मालकाच्या घराचा दिसेल, तिच्या टाउनलँडचा नव्हे. तिचे मूळ गाव शोधायचे तर वडिलांचे नाव, व्यवसाय आणि साक्षीदाराचे आडनाव एवढ्याच धाग्यांवर विसंबावे लागते, आणि साक्षीदार बहुधा बहीण, भाऊ किंवा बरोबर शहरात आलेली मैत्रीण असते.

नोंदी शोधण्याची रीत साधी आहे, पण चिकाटीची. मूळ सूचींत नाव, नोंदणी विभाग, खंड आणि पान एवढेच असते. १९०३ पासून जन्माच्या सूचीत आईचे माहेरचे आडनावही येते आणि काम एकदम हलके होते. त्याआधीच्या काळात विवाह शोधताना वराचे नाव आणि वधूचे नाव स्वतंत्रपणे काढून, दोघांचा विभाग, खंड आणि पान जुळते का हे ताडून पाहतात. तिन्ही जुळले तर जोडपे सापडले असण्याची शक्यता मोठी, आणि दोहोंपैकी एका आडनावाने दुर्मीळ असण्याची कृपा केली असेल तर जवळजवळ खात्रीच. थोरल्या मुलाच्या जन्मापासून मागे जात वर्ष-दोन वर्षांतला विवाह आधी पाहावा, कारण त्या समाजात पहिले मूल सहसा लग्नानंतर लवकरच येई. पहिल्या काही दशकांत बऱ्याच घटना नोंदल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे एका मुलाची नोंद न मिळाल्यास त्याच्या भावंडांची शोधणे शहाणपणाचे ठरते. आईवडील तेच असल्याने हवी ती माहिती धाकट्या बहिणीच्या कागदावरही मिळते. आता शंभर वर्षांहून जुने जन्म, पंच्याहत्तर वर्षांहून जुने विवाह आणि पन्नास वर्षांहून जुने मृत्यू यांच्या नोंदींची छायाचित्रे आयरिश सरकारने विनामूल्य खुली केली आहेत, आणि १९२२ पूर्वीच्या नोंदींत आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या सहा काउंट्याही येतात.

१८६४ च्या मागे जायचे तर कॅथलिक वह्यांवाचून गत्यंतर नाही. अठराव्या शतकातील दंडविधानांनी कॅथलिकांची मालमत्ता, शिक्षण आणि धर्माचार यांवर निर्बंध घातले होते, त्यामुळे वह्या ठेवण्याची पद्धत सर्वत्र सारख्या वेळी रुजली नाही. पूर्वेकडील शहरांत आणि सधन भागांत ती अठराव्या शतकातच दिसते. पश्चिमेकडील गरीब पॅरिशांत पहिली वही १८२० नंतर, काही ठिकाणी दुष्काळानंतरच सुरू होते. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० नंतरच्या काळात बहुतेक पॅरिशांच्या १८८० पर्यंतच्या वह्यांचे सूक्ष्मपट घेतले आणि जुलै २०१५ मध्ये ती छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, बाळाचे नाव, आईवडिलांची नावे आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे दोन धर्मपालक असतात. कॅथलिक धर्मगुरू आईचे नाव माहेरच्या आडनावासह लिहीत, आणि प्रोटेस्टंट वह्यांत हे सहसा आढळत नाही. राज्याच्या कृपेतल्या पंथाची माणसे शोधणे याबाबतीत अधिक कठीण जाते, हा इतिहासाचा एक गमतीदार न्याय म्हणावा लागेल.

या वह्यांत विवाह वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लग्ने लागत नसत, म्हणून तो काळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापूर्वीचे काही आठवडे, आणि त्यातही आदल्या मंगळवारचा दिवस, लग्नांच्या नोंदींनी भरून गेलेला दिसतो. विवाह वधूच्या पॅरिशमध्ये लागे आणि पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाई, त्यामुळे थोरल्या मुलाचा बाप्तिस्माही कधी तिकडेच सापडतो. मुलाच्या बाजूच्या पॅरिशमध्ये ढुंढाळून कंटाळलेल्या शोधकाला हे उशिरा सुचते. वधूवरांचे पणजोबा एकच असतील तर चर्चची विशेष परवानगी लागे, आणि ‘तिसऱ्या अंशाचे नाते’ असा लॅटिन शेरा वहीत पडे. दोन शब्दांचा हा शेरा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने केवळ नियमपूर्ती होता, पण वह्या सुरू होण्याच्याही आधीच्या दोन घराण्यांचा दुवा कित्येकदा तेवढ्यानेच हाती लागतो. १९०८ मध्ये अमलात आलेल्या एका पोपच्या आज्ञेनुसार विवाहाची खबर बाप्तिस्मा झालेल्या मूळ पॅरिशला कळवणे आवश्यक झाले, आणि तेव्हापासून जुन्या नोंदींच्या समासात नवीन टिपणे येऊ लागली. १८८० च्या सुमारास मेयोत बाप्तिस्मा झालेल्या मुलीच्या नावाशेजारी न्यूयॉर्कच्या चर्चमधील तिच्या विवाहाची तारीख आणि नवऱ्याचे नाव बारीक अक्षरात लिहिलेले आढळते ते यामुळे.

नावांचा प्रश्न वेगळाच आहे, कारण पश्चिम आणि दक्षिण आयर्लंडमधील पुष्कळ माणसे बोलत आयरिश, त्यांची नावे सरकारी वहीत लिहिली जात इंग्रजीत आणि चर्चच्या वहीत लॅटिनमध्ये. भाषांतराची ही उडी नेहमी अर्थाला धरून नसे. डिअरमिड या आयरिश नावाचा जेरेमाया झाला, टायगचा टिमथी, कॉनरचा कॉर्नेलियस, ओवेनचा यूजीन; गॉब्निट या संतिणीचे नाव मिळालेली मुलगी इंग्रजीत ॲबिगेल झाली. यांतील एकाही जोडीचा व्युत्पत्तीशी संबंध नाही. ध्वनीचा थोडा भास आणि रूढी एवढ्यावर त्या टिकल्या. लॅटिन वहीतील याकोबुस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, हे एकदा लक्षात आले की सरावाचे होते. ऑनोरा, नोरा आणि नॅनो ही एकाच बाईची तीन रूपे, किंवा घरची ब्रिजेट अमेरिकेत डीलिया होते, हे लक्षात येईपर्यंत मात्र कित्येक वंशवृक्षांत एकीच्या दोन बहिणी झालेल्या असतात. आडनावांत ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी सत्तेखाली ही उपपदे मोठ्या प्रमाणावर गळून पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय भावना जागी झाल्यावर अनेकांनी ती पुन्हा लावली, तेव्हा आजोबा सलिव्हन, वडील सलिव्हन आणि नातू ओ’सलिव्हन हा क्रम नवलाचा नाही. लोहार या अर्थाचे मॅक गावन हे आडनाव कोठे मॅकगावन राहिले, कोठे सरळ भाषांतर होऊन स्मिथ झाले. मॅथेसन यांनी नोंदणी निबंधकांना पडणाऱ्या याच अडचणीसाठी समानार्थी आडनावांची एक सूची केली होती, आणि खात्यासाठी बनवलेली ती पुस्तिका आज वंशशोधकांच्या टेबलावर असते.

आता त्या आगीकडे वळावे. डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालय-संकुलात सार्वजनिक अभिलेखागार होते. १९२२ च्या वसंतात ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या सैनिकांनी हे संकुल ताब्यात घेतले, २८ जूनला हंगामी सरकारने त्यावर तोफा डागल्या, आणि ३० जूनला झालेल्या स्फोटात व आगीत शतकानुशतकांचे दप्तर नष्ट झाले. चर्च ऑफ आयर्लंडचे राज्यमान्य स्थान १८७१ मध्ये संपल्यावर त्या चर्चच्या जुन्या वह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या होत्या, आणि नीट जपण्याची सोय नसलेल्या पॅरिशांनी त्या येथे जमा केल्या होत्या. सुमारे हजार पॅरिशांच्या वह्या अशा रीतीने सुरक्षिततेसाठी एकत्र आणून एकत्रच जळाल्या. ज्या धर्मगुरूंनी वही देण्यापूर्वी तिची नक्कल करून घेतली, किंवा जे देण्यात चालढकल करत राहिले, त्यांच्या पॅरिशांच्या नोंदी तेवढ्या वाचल्या. २०२२ मध्ये, शंभर वर्षांनी, ट्रिनिटी कॉलेजच्या नेतृत्वाखाली जगभरच्या संग्रहांतील नकला गोळा करून त्या अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना खुली करण्यात आली. तिचा मोठा लाभ मध्ययुगाच्या अभ्यासकांना होतो, शेतमजुराच्या पणतूला कमी.

जनगणनेचे नुकसान सर्वस्वी आगीने केले असेही नाही. १८२१ ते १८५१ या चार गणनांचे कागद बहुतांशी फोर कोर्ट्समध्ये जळाले; १८६१ आणि १८७१ चे सरकारनेच काम आटोपल्यावर नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धातील कागदटंचाईत लगद्यासाठी गेले. पूर्ण वाचलेल्या जुन्या गणना १९०१ आणि १९११ च्या. त्यामुळे मधल्या काळासाठी १८२३ ते १८३७ मधील धर्मकराच्या वह्या आणि रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात पूर्ण केलेली जमीन-मूल्यांकनाची यादी यांवर भिस्त ठेवावी लागते. या दोहोंत कुटुंबप्रमुखाचेच नाव असते, बायकामुलांचे नाही, तरीही एका टाउनलँडमध्ये कोणकोणती आडनावे शेजारी शेजारी राहत होती हे त्यावरून कळते, आणि बाप्तिस्म्याच्या वहीतील धर्मपालकांची आडनावे त्या शेजाऱ्यांशी जुळली की समान नावाच्या दोन जोडप्यांपैकी आपले कोणते हे ठरवता येते.

१९०१ आणि १९११ च्या गणना शेजारी ठेवून पाहिल्या तर एक चमत्कार दिसतो : दहा वर्षांत कित्येक माणसांचे वय बारा, पंधरा, कधी वीस वर्षांनी वाढले आहे. मधल्या काळात, जानेवारी १९०९ पासून, सत्तरी पूर्ण केलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले होते. सत्तर वर्षांचा माणूस म्हणजे १८३९ च्या आधी जन्मलेला, आणि १८६४ पूर्वीच्या जन्माचा सरकारी दाखला कोणाकडेच नव्हता. म्हणून सहा जानेवारी १८३९ च्या रात्री देशभर घरे उडवणारे ‘मोठे वारे’ आपल्याला आठवते, असे सांगणारे अर्जदार पुढे आले आणि तेवढी आठवण पुरावा म्हणून चालूनही गेली. ज्यांना कागदच हवा होता त्यांच्यासाठी फोर कोर्ट्सच्याच अभिलेखागारातील कारकून १८४१ आणि १८५१ च्या गणना उघडून पाहत. अर्जदाराने आपल्या आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, त्या वर्षी घर कोणत्या टाउनलँडमध्ये होते हे एका छापील कागदावर भरून द्यायचे, आणि कारकुनाने त्याखाली मूळ गणनेतील कुटुंबाचा उतारा लिहायचा, अशी ती पद्धत होती. गणना पुढे जळाल्या. हे अर्ज वाचले, आणि आता ते डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतील बऱ्याच अर्जांवर ‘सापडले नाही’ एवढाच शेरा आहे, आणि वेतन मागणाऱ्या म्हातारीचे काम त्याने झाले नसले तरी तिने आठवून सांगितलेले वाडीचे नाव आणि आईचे माहेरचे आडनाव त्या शेऱ्याच्या वरच्या रकान्यांत अद्याप वाचता येते.